गणिताची गोडी, हिशेबाची हिंमत

सोनई म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक शेजारचं शनिशिंगणापूर आणि दुसरी मुळा सहकारी साखर कारखाना. नेवासे तालुक्यातल्या या गावात आणि आसपासच्या खेड्यांत मी तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवलं. हंगामात साऱ्या गावाला मळीचा आणि उसाच्या रसाचा वास असे. पण माझ्या विषयाला गोड म्हणणारं पोर मात्र क्वचितच भेटायचं. 'सर, बाकी सगळं जमतं हो त्याला, तेवढं गणित...' असं म्हणून वाक्य अर्धवट सोडणारे पालक मात्र पुष्कळ भेटले. गंमत अशी की हेच पालक आठवडे बाजारात उभ्या उभ्या तोंडी हिशेब करत आणि सहसा चुकत नसत.

श्रोतेहो, आज मला या कोड्याचा थोडा इतिहास तुमच्यापुढे मांडायचा आहे. गणित आवडणं आणि गणित आपल्याला जमेल असं वाटणं, या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या एक नाहीत. पहिलीला मी गोडी म्हणतो आणि दुसरीला हिंमत. आपल्या मुलखातल्या शिक्षणाचा आठशे वर्षांचा मागोवा घेतला, तर कधी गोडी होती पण ती मूठभरांपुरती, कधी हिंमत होती पण छडीच्या जोरावर, असं दिसतं. दोघी एका घरात सुखानं नांदल्याचे प्रसंग थोडे आहेत, आणि म्हणूनच ते पाहण्यासारखे आहेत.

सुरुवात गोडीपासून करू. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा, यादवांच्या काळातला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यानं मठ स्थापन केला, आणि त्या मठासाठी दिलेल्या दानांची नोंद या लेखात आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात केवळ गणित-ज्योतिष शिकण्यासाठी एक मठ उभा राहिला, ही गोष्ट आपल्या शाळांच्या भिंतींवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पुरा केला. त्याचा पहिला भाग म्हणजे 'लीलावती'. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला ही कथा पुष्कळांना ठाऊक आहे. ती कथा बऱ्याच नंतरच्या फारसी भाषांतरात येते, त्यामुळे तिला दंतकथाच म्हणायला हवं. पण ग्रंथातली उदाहरणं मात्र खरोखरच कुणाला तरी जवळ बसवून, लाडानं हाक मारून विचारलेली आहेत. त्यात भुंगे आहेत, कमळं आहेत, हंस आहेत, माकडं आहेत. एक उदाहरण पाहा. नऊ हात उंचीच्या खांबावर एक मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो. मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? उत्तर आहे बारा हात. हा काटकोन त्रिकोणाचाच नियम आहे, जो आपण आज नववी-दहावीत पायथागोरसच्या नावानं शिकवतो. पण पुस्तकात तो 'सिद्ध करा' म्हणून येतो आणि भास्कराचार्यांकडे मोर होऊन येतो. मुलाला पहिल्यांदा मोराची काळजी वाटते आणि मग गणिताची.

पण ही गोडी संस्कृतात होती आणि संस्कृत थोड्यांची होती. पाटण्याच्या त्या लेखानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी, १२९० साली, आमच्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. गणिताच्या नशिबी मात्र असं लवकर आलं नाही. छापील मराठी गणित हाती यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८२० नंतर मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकारानं हटन या इंग्रज लेखकाच्या गणिताचं मराठीकरण झालं, तेव्हा कुठे शाळेतलं मराठी गणित छापलं गेलं.

मग मधल्या काळात मराठी माणूस गणित शिकत नव्हता काय? शिकत होता, आणि चांगलं शिकत होता. ते गणित होतं पंतोजीच्या शाळेत. कुणाच्या पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत ही शाळा भरे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि तीवर बोटानं किंवा काडीनं अक्षरं आणि आकडे गिरवायचे. धुळाक्षरं हा शब्द तिथला. संध्याकाळी सारी पोरं एका सुरात परवचा म्हणत. बे एके बे पासून तिसापर्यंतचे पाढे, आणि त्याच्या पुढे खरी कसोटी: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी.

आजच्या मुलांना हे शब्द परके आहेत, म्हणून सांगतो. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा. औट म्हणजे साडेतीन. 'अठरा औटे त्रेसष्ट' हे ज्याला पाठ आहे, त्याला साडेतीन रुपये भावानं अठरा शेरांचे किती, हे विचारून पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै, मणाचे चाळीस शेर. हा कारभार अपूर्णांकांशिवाय हलत नसे. मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे, हे एक साधं सूत्र घ्या. चाळीस शेरांचे सोळा भाग केले की अडीच शेर होतात आणि रुपयाचे सोळा भाग केले की आणा होतो, म्हणून ते बरोबर येतं. अडीचकी पाठ असलेला पोरगा दुकानात उभा राहिला की त्याला फसवणं अवघड होतं. ही ती हिंमत.

या शाळेचं मी उगाच कौतुक करणार नाही. तिथे छडी होती, आणि छडीहून वाईट शिक्षाही होत्या. का, कसं, हे विचारायची सोय नव्हती. औटकी पाठ झाली तरी ती तशी का, याचा आनंद कुणी पोरांच्या हाती दिला नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्या ओवरीत मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेली मुलं नव्हती, आणि शेतकऱ्यांची बहुतेक मुलं गुरांमागे होती. गावात हिशेब येणारे म्हणजे कुलकर्णी, वाणी आणि सावकार. ज्याच्याकडे हिशेब त्याच्याकडे गाव.

याचा परिणाम काय झाला ते आपल्याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि इथल्या कापसाचे चढलेले भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारनं शेतसारा वाढवून ठेवला होता. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. तिथे कागदावर अंगठा उठवला की मुद्दल किती, व्याज किती, फेडलं किती, हे सारं सावकाराच्या वहीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले. नंतर हे लोण नगर जिल्ह्यात पारनेर-श्रीगोंद्याकडे पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे घडले. लोकांनी शोधले आणि जाळले ते कर्जरोखे. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि ज्यातला आकडा पडताळता येत नाही, त्याच्याशी लढायचा त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. न्यायालयानं कर्जाचा मागचा इतिहास तपासावा, ऋणकोला पावती आणि हिशेब मिळावा, अशा तरतुदी त्यात आल्या. म्हणजे सरकारलाही अखेर हिशेबाशीच यावं लागलं.

महात्मा जोतीराव फुले यांनी हे नेमकं ओळखलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची यादी त्यात आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, त्याच्या जोडीला हिशेब, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. फुल्यांच्या यादीत हिशेब इतका वर का, हे १८७५ ची आठवण ठेवली की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गणित त्यांच्या दृष्टीनं बुद्धीचा दागिना नव्हतं. ते कुळाच्या हातातलं हत्यार होतं.

इंग्रजी अमदानीत शाळा वाढल्या. दारं हळूहळू का होईना, उघडली. पण त्यांच्याबरोबर एक नवी गोष्ट आली: परीक्षा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, पाठोपाठ मॅट्रिक आली, आणि मॅट्रिक म्हणजे नोकरीचा दरवाजा झाला. त्या दरवाज्यावर गणित पहारेकरी म्हणून उभं राहिलं. पंतोजीच्या शाळेत पोराला भीती होती ती छडीची. आता भीती विषयाचीच बसली. 'गणितात गचकला' हे वाक्य घराघरांत शिरलं. मराठी शाळेत औटकी घडाघडा म्हणणारा पोरगा मॅट्रिकच्या भूमितीपुढे गप्प उभा राहू लागला.

पुढे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि नंतर टप्प्याटप्प्यानं वजनमापंही बदलली. शंभर पैशांचा रुपया, हजार ग्रॅमचा किलो. हे बदल हवेच होते, हिशेब त्यांनी सोपा झाला. पण त्यांच्याबरोबर पावकी ते औटकी ही सारी जुनी शिदोरी शाळेतून बाहेर पडली. जुनं हत्यार गेलं आणि नवं हत्यार तितक्याच घट्टपणे हातात बसवायचं राहून गेलं. आणि हे घडलं तेव्हा आपल्या जिल्ह्याला हिशेबाची कधी नव्हे इतकी गरज होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. मागून जिल्ह्यात इतर कारखाने निघाले. शेअर, टनेज, उतारा, पहिला हप्ता, कपात, हे शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आले. ज्या शेतकऱ्याच्या आजोबानं कर्जरोख्यावर अंगठा उठवला होता, तो आता कारखान्याचा सभासद होता आणि अहवाल त्याच्या घरी येत होता. तो वाचायला हिशेब यायला हवा होता.

याच काळात आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात एक शाळामास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचं नाव. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवलं. पुढची मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. पण आकड्यांशी खेळायचा छंद असा की मिळेल तो वेळ त्यात जाई. आपल्या शोधांच्या लहान लहान पुस्तिका ते स्वतःच छापत. अनेक विद्वान हे सारं पोरखेळ समजत.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक गंमत सांगितली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. मघाचं दंग्यांचं सालच घेऊ, १८७५. ८७५१ वजा १५७८ म्हणजे ७१७३. ७७३१ वजा १३७७ म्हणजे ६३५४. ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४ च. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ पाशी येऊन थांबता. आज सारं जग याला कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखतं. अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्च महिन्यात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना देवळालीचे हे मास्तर कोण ते कळलं. १९८६ साली ते गेले.

त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना दिलेलं नाव मला फार आवडतं. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. १८ घ्या. एक आणि आठ नऊ, नऊ दुणे अठरा. २०२५ घ्या. अंकांची बेरीज नऊ, आणि नवानं भागलं की २२५. गणिताच्या परिभाषेत लंबक, छेदक, विषम असे कोरडे शब्द असताना या शाळामास्तरानं एका व्याख्येत आनंद घालून ठेवला. लहान मुलांना दिवसभर शिकवून थकलेल्या माणसाला हे नाव सुचतं, यात मला त्याचा सगळा शिक्षकी पिंड दिसतो.

हा खेळ मी सोनईत सातवी-आठवीच्या वर्गात पुष्कळदा खेळलो. त्यात फक्त वजाबाकी लागते, त्यामुळे मागच्या बाकावरचाही खेळू शकतो. पहिल्या पाच मिनिटांत वर्ग शांत होतो, मग एकेक ओरडू लागतो, 'सर, आलं! माझं पण आलं!' ज्यांचं येत नाही ते आपली वजाबाकी आपणच तपासतात, मला सांगावं लागत नाही. एकदा एका पोरानं हात वर केला. 'सर, मी २२२२ घेतला, तर निस्तं शून्य येतंय.' सारे हसले. मी म्हटलं, हसू नका, नियम लिहिताना 'चारही अंक सारखे नकोत' ही अट का घातली ते यानं शोधून काढलं. त्या पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यानंतर तो वर्षभर पुढच्या बाकावर बसला. त्याला मार्क फार पडले असं नाही. पण तो गणिताला घाबरेनासा झाला.

आता दुसरी एक गोष्ट, हिंमतीची. दिवाळीच्या मागेपुढे गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. बीड, पाथर्डीकडची माणसं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन ती येतात आणि हंगामभर तोडून ती फेडतात. त्यांची मुलं मधूनच शाळेत येतात, मधूनच जातात. अशीच एक मुलगी एका हंगामात माझ्या वर्गात बसायला आली. फळ्यावर १४.४ भागिले ८ होतं. तिला बोलावलं तर ती खडू धरून मान खाली घालून उभी राहिली. मग मी सहज विचारलं, 'तुमच्या गाडीचा काटा किती झाला काल?' ती म्हणाली, 'चौदा टन चारशे.' 'आणि कोयते किती?' 'आठ.' 'मग एका कोयत्याला किती?' ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'एकेक टन आठांना दिला. राह्यले सहा टन चारशे. म्हंजी चौसष्टशे किलो. आठांना आठ-आठशे. एक टन आठशे, सर.' मी फळ्याकडे बोट दाखवलं. तेच गणित होतं. घरी हा हिशेब कोण करतं, असं विचारलं, तर म्हणाली, 'मीच करते. दादाला लिहिता येत नाही.' दादा म्हणजे तिचे वडील.

ही गोष्ट एकट्या सोनईची नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तीन संशोधकांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुलं पाचच होती, नऊ ते पंधरा वर्षांची. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांची ९८ टक्के उत्तरं त्यांनी बरोबर दिली. तेच आकडे शाब्दिक उदाहरणांत घातले तेव्हा ७४ टक्के बरोबर आली. आणि नुसती उभी-आडवी मांडलेली गणितं दिली तेव्हा फक्त ३७ टक्के. डोकं तेच, आकडे तेच. बदललं होतं ते फक्त गणिताचं रूप, आणि त्या रूपाशी मुलांची ओळख नव्हती.

उलट बाजूही पाहू. दर चार वर्षांनी अनेक देशांतल्या चौथी-आठवीच्या मुलांची एक आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणी होते, तिला थोडक्यात टिम्स म्हणतात. तीत गुणांबरोबर मुलांना हेही विचारतात, की गणित तुला आवडतं का, आणि ते तुला जमतं असं वाटतं का. जपान आणि दक्षिण कोरियाची मुलं गुणांत जगात अगदी वर असतात. पण आवड आणि आत्मविश्वास यांत त्यांची उत्तरं जगाच्या सरासरीच्या खाली येतात. म्हणजे परीक्षेच्या दडपणानं गुण मिळतात, गोडी मिळेलच असं नाही. त्याच वेळी कोणत्याही एका देशात पाहिलं तर हिंमत असलेल्या मुलांचे गुण जास्त आढळतात. आधी हिंमत की आधी गुण, हे सांगणं अवघड आहे. विहिरीवरच्या रहाटासारखं ते आहे, एक पोहरा वर येतो तो दुसरा खाली सोडल्यामुळे.

आपल्याकडे या प्रश्नावर चर्चा होते ती बहुधा वादाच्या रूपानं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि राज्यभर थट्टा झाली, विधिमंडळातही विषय गाजला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत. पण 'सत्तावन्न' म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना पाच आधी येतो, तिथे लहान मूल अडखळतं, म्हणून त्याला एक आधार दिला आहे. 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिणाऱ्या या बाई २०२३ साली गेल्या. पद्धत पटो न पटो, मूल नेमकं कुठे अडखळतं हे त्यांनी वाकून पाहिलं होतं. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं?

२०२४ साली आणखी एक मुद्दा पुढे आला. राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात असं मांडलं गेलं की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण असले तरी मुलाला शेरा मारून उत्तीर्ण धरावं, मात्र त्यानं पुढे ते विषय घेऊ नयेत. त्यामागची कळकळ मला समजते. एका विषयापायी शाळा सुटलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांतल्या मुलींची तर पाठोपाठ लग्नं झाली. पण पहारेकऱ्याला बाजूला केलं म्हणजे आतली वस्तू मुलाच्या हाती पडते असं नाही. विस गुणांवर सुटलेल्या मुलालाही उद्या बँकेचा हप्ता, खताचं प्रमाण, उचलीचा हिशेब आहेच. शेरा मारून त्याची दहावी सुटेल, हिशेब सुटणार नाही.

मग करायचं काय? मी धोरण ठरवणारा माणूस नाही. वर्गातला माणूस आहे, म्हणून वर्गापुरतं सांगतो. पाढे पाठ हवेत. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांनी बाजारात पाढ्यांविना उभं राहून पाहावं. जुन्या पावकी-निमकीतलं निदान पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच इतकं तरी मुलांच्या जिभेवर असावं, कारण हे शब्द बाजारातून अजून गेलेले नाहीत. पण पाठ झालेलं ज्या दिवशी वापरलं जाईल तो दिवस त्याच आठवड्यात यावा. घरचा काटा, वीजबिल, दूध डेअरीचं फॅटचं कार्ड, ही सारी उदाहरणं आहेत आणि ती फुकट आहेत. आणि आठवड्यातून एक तास असा असावा की ज्यात मार्क नाहीत, ज्यात ६१७४ आहे, हर्षद संख्या आहेत, भास्कराचार्यांचा मोर आहे. त्या तासाला ज्याचं चुकलं त्याला उभं करायचं नाही; कसं चुकलं ते सगळ्यांनी मिळून पाहायचं.

घरच्यांनाही एक विनंती आहे. पोरासमोर 'आम्हालाही गणित कधी आलं नाही' असं अभिमानानं सांगू नका. ते खरंही नसतं. ज्या बाईनं महिन्याचा किराणा ठरल्या पैशांत बसवला, तिला गणित येतं. ज्या माणसानं गुंठ्यावरून एकराचं बियाणं काढलं, त्याला गणित येतं. हे त्यांना कुणी सांगितलं नाही इतकंच. तुम्ही तो हिशेब पोराला शेजारी बसवून मोठ्यानं करा. शाळेतल्या गणिताची आणि घरातल्या हिशेबाची सोयरीक तिथेच जुळते.

ती तोडणीवाल्यांची मुलगी हंगाम संपल्यावर आपल्या गावी निघून गेली, पुन्हा तिची भेट नाही. जायच्या आधी दशांश चिन्हाचा भागाकार ती फळ्यावर, सगळ्यांसमोर करू लागली होती. तेवढी हिंमत तिच्याबरोबर गेली, याचं समाधान आहे. यंदाही टोळ्या येतील, त्यांच्यात अशी मुलं असतील. आपल्या शाळेत कुणी नवं पोर मागच्या बाकावर येऊन बसलं, तर त्याला फळ्यापाशी बोलावण्याआधी कालच्या गाडीचा काटा किती झाला, एवढं विचारून पाहा.